बोटं न हलवता तिरकिट

'धाती धागे नधा तिरकिट, धाती धागे तिना किना' हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे तबल्याच्या अक्षरांची (बोलांची) घोटायची ठरलेली रचना, तबला शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो. माझ्याही आला. ठाय लयीत, म्हणजे मूळच्या संथ गतीत, तो स्वच्छ वाजायचा. दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, गेलं की 'तिरकिट'मधला 'र' नाहीसा व्हायचा. सर डोळे मिटून ऐकायचे आणि तिथेच हात वर करायचे. "र गिळूलीस गं. अक्षरं चार आहेत, ऐकू तीनच येऊल्यात."

तबला न वाजवणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या सरांच्या पद्धतीत 'ति' मधलं बोट आणि अनामिका मिळून वाजवतात, 'र' एकटी तर्जनी, 'कि' डाव्या पंजाने डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या डाव्या वाद्यावर, बंद, आणि 'ट' पुन्हा मधलं बोट आणि अनामिका. त्याच्या आधी 'नधा' आहे. 'न' आणि 'धा' दोन्ही तर्जनीने चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर वाजतात. म्हणजे तर्जनी नुकतीच कडेवर ठणठणीत वाजवून आलेली असते, आणि लगेच तिला दोन-अडीच इंच आत शाईच्या, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलाच्या, मध्यावर येऊन 'र' द्यायचा असतो. तोही अजिबात न घुमणारा, कोरडा. माझी तर्जनी उशिरा पोचायची. ती पोचेपर्यंत 'कि' होऊन जायचा, आणि 'र' त्याच्याखाली दबायचा.

असल्या दोषावर औषध एकच, रियाझ. तो करायला वेळ कुठून आणायचा हा माझा प्रश्न होता. मी खानापूरला राहते आणि बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. शाळेत असताना तबला शिकले, लग्नानंतर सुटला, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पुन्हा सुरू केला. घरी आल्यावर स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, सासऱ्यांची औषधं. रात्री नऊनंतर भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात तबला वाजवणं बरं दिसत नाही. त्यात खानापूरचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातली हवा इतकी ओली असते की पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते, पेटीच्या काळी चारच्या सुरातला तबला काळी तीनकडे घसरतो, आणि ठोकून सुरात आणेपर्यंत अर्धा वेळ गेलेला असतो. रोज खरा हात तबल्यावर पडणार तो जेमतेम अर्धा तास.

बसमध्ये मात्र वेळच वेळ. खानापूर ते उद्यमबाग जायला पाऊण तास, यायला तेवढाच, मच्छे आणि पिरनवाडीत गर्दी असली तर जास्त. कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून, म्हणजे जून 2023 पासून, आम्हा बायकांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, त्यामुळे गाड्या भरून वाहतात. कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" करत बायकांना पुढे ढकलत असतो. कधी बसायला मिळतं, कधी दांड्याला लटकून. या वेळेत तबल्याचं काही करता येईल का, असं मी सरांना विचारलं तेव्हा ते पटकन म्हणाले, "पढंत कर की. तोंडात नाही ते हातात कसं येणार?"

पढंत म्हणजे बोल तोंडाने, हाताने टाळी-खाली देत, नेमक्या लयीत म्हणणं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांमध्ये तालाची ठाय, दुगुण, चौगुण अशीच म्हणून दाखवावी लागते. बेळगावात गाणं-वाजवणं शिकणाऱ्यांना यात काही नवं नाही. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, इथे आयुष्यभर पेटी शिकवलेले रामभाऊ विजापुरे, यांचं नाव घेऊनच आमच्याकडे मुलांना शिकायला बसवतात. आमच्या क्लासात निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी, निम्मी मराठी. सगळ्यांची पढंत एकाच सुरात चालते.

तर मी बसमध्ये पढंत करू लागले, ओठांतल्या ओठांत. कायदा, त्याचे पलटे म्हणजे त्याच बोलांचे फेरफार, तिहाई म्हणजे तीनदा घ्यायचा शेवटचा तुकडा. तोंड लवकरच इतकं तयार झालं की चौगुणीतही 'तिरकिट' मोत्यासारखं सुटायचं. हात मात्र जिथे होता तिथेच. याचं मला खरंच वाईट वाटायचं. पढंत हा आपल्याकडचा इतका जुना, इतका विचारपूर्वक घडवलेला मार्ग, आणि तो माझ्या बोटांपर्यंत का पोचत नाही?

उत्तर माझ्या मावसबहिणीकडून मिळालं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, पक्षाघात झालेल्या रुग्णांसोबत काम करते. तिला मी हे बोलता बोलता सांगितलं, तर तिने विचारलं, "बोल म्हणताना तुला बोटं जाणवतात का?" मी विचार केला. नव्हती जाणवत. मला फक्त आवाज ऐकू येत होता. ती म्हणाली, तिच्या रुग्णांना ती रोज डोळे मिटून, हात न हलवता, पेला उचलल्याची कल्पना करायला लावते. पेला दिसला पाहिजे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो हाताला लागला पाहिजे. बोटं उघडतात, पेल्याभोवती मिटतात, वजन मनगटावर येतं. हे नीट केलं तर मेंदूतले हालचालीची आखणी करणारे बरेचसे भाग तसेच कामाला लागतात, जसे प्रत्यक्ष हालचालीत लागतात. फक्त शेवटचा हुकूम स्नायूंपर्यंत जात नाही. व्यायामाच्या जोडीला हे दिलं तर काही रुग्णांचा हात जास्त सुधारतो.

मग तिने मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं, आणि तो ऐकून मी बसल्या जागी सरळ झाले, कारण तो बोटांचाच होता. 1995 साली अल्वारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कधीच पियानो न वाजवलेल्या लोकांना पाच बोटांचा एक छोटा पाठ दिला. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास तो वाजवला. दुसरा गट तेवढाच वेळ पियानोसमोर बसला, पण बोटं न हलवता, मनातच वाजवत. रोज मेंदूची चुंबकीय तपासणी केली, तर बोटांच्या स्नायूंचं मेंदूतलं क्षेत्र दोन्ही गटांत वाढत गेलेलं दिसलं. वाजवण्याच्या सफाईत वाजवणारे अर्थातच पुढे होते. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी तिथे होते, जिथे वाजवणारे तिसऱ्या दिवशी होते. पण त्यानंतर त्यांनी दोनच तास प्रत्यक्ष वाजवलं आणि ते वाजवणाऱ्यांच्या पाचव्या दिवसाच्या जवळ येऊन पोचले. मला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटला. पाऊण तास बस आणि अर्धा तास तबला, या माझ्या दिवसाचं गणित त्यात बसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बसमध्ये बोल म्हणणं थांबवून बोटं वाजवायला घेतली. सुरुवातीला जे दिसलं ते व्हिडिओसारखं होतं. समोर मी बसलेय, माझा हात तबल्यावर पडतोय, आणि मी प्रेक्षकात. त्याने काहीच होईना. बहिणीने फोनवर सांगितलं, "समोरून बघू नकोस, हाताच्या आत जा." म्हणजे नजर माझी, खाली वाकलेली, तबला जसा मला मांडीसमोरून दिसतो तसा. उजव्या दंडाचं वजन. अनामिकेचं टोक शाईच्या कडेला हलकं टेकलेलं. तर्जनी चाटेवर पडताना पहिल्या पेराला बसणारा तो लहानसा फटका, आणि लगेच मोकळं होणं.

हे जमायला वेळ लागला, आणि जमायला लागलं तेव्हा जे कळलं ते इतक्या वर्षांत तबल्यावर बसून कळलं नव्हतं. मी मनात 'नधा' वाजवून 'ति'वर यायचे, आणि तिथे चित्र पुसट व्हायचं. बाकी सगळं जाणवायचं. 'धा'चा फटका, डग्ग्याची घुमक, 'ट'चा बंद आघात. 'र'च्या जागी काहीच नाही. तर्जनी कुठे आहे, किती उंचावर आहे, कुठल्या बाजूने शाईवर येते, यातलं काही माझ्या मनाला सांगता येत नव्हतं. हाताला जे येत नव्हतं ते मनातही नव्हतं.

म्हणून त्या रात्री घरी मी कायदा वाजवलाच नाही. मुलगी झोपल्यावर तबल्यावर कापड टाकून, आवाज न करता, फक्त 'धाऽ तिर' एवढंच सावकाश केलं. 'धा' झाल्यावर तर्जनी कुठे जाते ते बघितलं. ती चाटेवरून वर उडत होती आणि मग खाली येत होती. मनगट अंगठ्याकडे जरासं वळवलं तर 'ति' पडत असतानाच ती आपोआप शाईवर टांगती राहते, आणि मनगट परत वळताना नुसती खाली येते. उचलायची गरजच नाही. सर हेच सांगायचे, "मनगट फिरव, बोट उचलू नकोस." ऐकलं शंभरदा होतं.

मग मी एक पद्धत बसवली आणि ती आजही सोडलेली नाही. एकदा प्रत्यक्ष वाजवायचं, हात मांडीवर ठेवायचा, आणि तो स्पर्श बोटांत ताजा असतानाच तेच एकदा मनात वाजवायचं. पुन्हा प्रत्यक्ष, पुन्हा मनात. सकाळी निघण्याआधी पाच-दहा मिनिटं हे केलं की तो स्पर्श बससाठी बरोबर येतो. बसायला जागा मिळाली तर मी पाठ सरळ करून, तबल्यासमोर बसतात तसे हात पुढे घेते. मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी असते, तिच्यावर दोन्ही पंजे. कानात लेहरा, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाला पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणारी धून. उभं राहावं लागलं तरी चालतं, पण एक हात दांड्याला असतो म्हणून तो हात मनात सैल सोडायला जास्त कष्ट पडतात. पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स या संशोधकांनी 2001 मध्ये खेळाडूंसाठी अशा सरावाचा जो आराखडा मांडला, त्यात हेच आहे. अंगाची ठेवण, जागा, लय, मनःस्थिती, जितकं खऱ्याच्या जवळ नेता येईल तितकं न्यायचं. आरामखुर्चीत पडून, अंग ढिलं सोडून करायची ही गोष्ट नव्हे.

लेहऱ्याशिवाय मी हे कधीच करत नाही, त्याचं कारण आहे. मनातला हात घाई करतो. 1989 मध्ये फ्रान्समध्ये झाँ देसेती, मार्क जानरो आणि प्राब्लाँ यांनी लोकांना काही मीटरवरच्या खुणेपर्यंत चालायला लावलं, आणि मग तेच अंतर मनात चालायला लावलं. दोन्हींना जवळजवळ सारखाच वेळ लागला. म्हणजे कल्पना नीट असेल तर ती खऱ्या हालचालीइतकाच वेळ घेते. मी स्वतःला तसं तपासलं. कायदा मनात नेमका सोळा मात्रांत बसायचा. रेला, म्हणजे जलद बोलांची रचना, घेतला की मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, लवकर पोचायचे. लवकर पोचले याचा अर्थ मी मधले बोल वाजवलेच नव्हते, त्यांच्यावरून उडी मारली होती. कानात लेहरा असला की ही पळवाट बंद होते. समेवर पेटी येते तेव्हा बोट तिथेच असावं लागतं.

आणखी एक गोष्ट लगेच लक्षात आली. हे दमवतं. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र विरघळायला लागतं, बोटं जाणवेनाशी होतात आणि नुसते बोल उरतात. तिथे थांबलेलं बरं. ड्रिस्केल, कॉपर आणि मोरान यांनी 1994 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. मानसिक सरावाने फरक पडतो, प्रत्यक्ष सरावाइतका नाही, आणि साधारण वीस मिनिटांची बैठक बरी, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी खानापूर सोडल्यावर थोडा वेळ करते, मग खिडकीबाहेर बघते, आणि पिरनवाडीच्या अलीकडे पुन्हा थोडा वेळ.

मनात चूक वाजली तर तिथेच थांबायचं, हे बहिणीने बजावून सांगितलं होतं. 1985 मध्ये वूलफोक आणि सहकाऱ्यांनी गोल्फ खेळणाऱ्यांना चेंडू भोकाच्या अगदी जवळून निसटतोय अशी कल्पना करायला लावली, तर त्यांचा प्रत्यक्ष नेमही बिघडला. 'र' दबलेला ऐकू आला की मी लय निम्मी करते, 'नधा'पासून पुन्हा बांधते, स्वच्छ झाला की मगच वर जाते. "र चुकवू नकोस" असं मनाशी म्हणायचं नाही. तर्जनी शाईवर टेकली, एवढंच जाणवू द्यायचं.

'र' एका दिवसात आला नाही. पण एका शनिवारी क्लासात दुगुण चालू असताना सरांचा हात वर गेला नाही. पलटे झाले, तिहाई झाली. सर म्हणाले, "हं. आता चारही आली." मला त्या वेळी काय वाटलं ते मी लिहून सांगू शकत नाही. घरी जाताना बसमध्ये रियाझ केला नाही, नुसती बसून राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी उजव्या मनगटात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. पातेलं उचलताना, माऊस धरताना, आणि 'धा' देतानाही. अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायुबंधांवरचं आवरण सुजलं आहे असं निदान झालं, डॉक्टरांनी अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा पट्टा दिला आणि तबला पूर्ण बंद करायला सांगितलं. सुटायला आठवडे लागतील म्हणाले. परीक्षा जवळ होती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

बहिणीने मला दोन प्रयोग पाठवले. पहिला 1992 चा, गुआंग यू आणि केली कोल यांचा. चार आठवडे एका गटाने करंगळी बाजूला ढकलण्याचा व्यायाम केला, एका गटाने फक्त तशी कल्पना केली. व्यायाम करणाऱ्यांची ताकद तीस टक्क्यांनी वाढली, कल्पना करणाऱ्यांची बावीस टक्क्यांनी. दुसरा ओहायो विद्यापीठातल्या ब्रायन क्लार्क आणि सहकाऱ्यांचा, 2014 चा. निरोगी माणसांचं मनगट चार आठवडे बांधून ठेवलं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची मनगटाची ताकद जवळजवळ पंचेचाळीस टक्के उतरली. ज्यांनी बांधलेल्या अवस्थेत जोर लावल्याची नियमित कल्पना केली त्यांची त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्नायू अशक्त होतो त्यात मेंदूने त्याला हाक मारणं विसरण्याचाही वाटा असतो, असं त्यातून दिसतं.

पट्टा असताना मी खरा तबला समोर घेऊन बसायचे. डावा हात डग्ग्यावर प्रत्यक्ष चालायचा, उजवा पट्ट्यात, मांडीवर उताणा, आणि त्याचं सगळं मनात. डग्ग्याच्या 'गे'वर मनातली 'धा' येऊन पडायची. हा अनुभव विलक्षण होता. अर्धा ताल कानांना ऐकू येतोय आणि अर्धा आतून. मनात वाजवतानाही कळ आली तर थांब, असं बहिणीने सांगितलं होतं. सुरुवातीला खरंच यायची, कारण कल्पना करताना मी नकळत अंगठा आवळत होते. पंजा सैल सोडून बोटांच्या टोकांपुरतंच लक्ष ठेवलं की कळ थांबायची.

पट्टा सुटला तेव्हा हात कसा असेल याची धास्ती होती. तो दुबळा होता. पंधरा मिनिटांत भरून यायचा, चौगुण तर सोडाच, दुगुणही टिकायची नाही. पण जे वाजत होतं ते जागच्या जागी वाजत होतं. कायदे विसरले नव्हते, पलट्यांचा क्रम हलला नव्हता, 'र' तर्जनीनेच पडत होता, शाईवर, कोरडा. लग्नानंतरच्या वर्षांत तबला बंद होता तेव्हा बोटांची जागाच हरवली होती, आणि ती परत शोधायला मला फार काळ लागला होता. या वेळी फक्त दम परत मिळवायचा होता. तो रोज थोडा थोडा वाढवत परत आला.

'धिरधिर'च्या बाबतीत मात्र मला काहीच मिळालं नाही, आणि हे सांगितलंच पाहिजे. 'धिरधिर' पंजाने वाजतो. करंगळीकडची तळव्याची कड आणि अंगठ्याकडची कड आलटून पालटून शाईवर झुलवायची. मला तो कधीच नीट आला नव्हता. पट्ट्याच्या काळात मी तो मनात खूप घोटला, मनात तो सुंदर वाजायचा, आणि प्रत्यक्षात आधी होता तितकाच अडखळता निघाला. नेदरलँड्समध्ये मुल्डर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये याचीच परीक्षा घेतली होती. पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून बाजूला फाकवायचा, ही बहुतेकांना न येणारी हालचाल त्यांनी निवडली. ज्यांना ती थोडीफार यायची ते नुसत्या कल्पनेनेही सुधारले. ज्यांना मुळीच यायची नाही त्यांना कल्पनेने काही दिलं नाही, प्रत्यक्ष सरावानेच दिलं. अंगाने एकदाही न चाखलेली हालचाल मन बनवू शकत नाही. 'धिरधिर'साठी मी सरांच्या समोर बसले, त्यांनी माझा पंजा आपल्या हातात धरून झुलवला, तेव्हा पहिल्यांदा तो कळला. त्यानंतर तो बसमध्ये घेण्याच्या लायकीचा झाला.

आमच्या क्लासातल्या एका मुलाला मी ही पद्धत सांगितली तर तो म्हणाला, "अक्का, मला डोळे मिटले की काहीच दिसत नाही. काळोख." मला आधी वाटलं तो टाळतोय. पण काही माणसांना मनात चित्र उमटतच नाही, हे खरं आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या ॲडम झीमन यांनी 2015 मध्ये त्या अवस्थेला अफँटेशिया हे नाव दिलं. मी त्याला म्हटलं, नाही दिसलं तरी चालेल, बोटाला लागतंय का ते बघ. त्याने डोळे मिटले, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "लागतंय की." तो चित्राशिवाय करतो, नुसत्या स्पर्शावर आणि आवाजावर, आणि मला वाटतं माझ्याहून चांगलं करतो.

मध्यमा प्रथम या गांधर्वच्या परीक्षेत तबला आपला नसतो, ही धास्ती सगळ्यांना असते. तिथे जो ठेवलेला असेल तो. म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत मी मनात मुद्दाम अडचणी घेत गेले. पुडी कडक आहे. तबला उंच सुरात आहे. पेटीवाला लय चढवतोय. परीक्षक मध्येच थांबवून पढंत विचारतात. जलतरणपटू मायकेल फेल्प्स आपली शर्यत मनात अशीच पोहायचा, बिघाडासकट. 2008 मध्ये बीजिंगला दोनशे मीटर बटरफ्लायच्या शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, पुढचं काही दिसेना, तेव्हा हाताचे फटके मोजत तो भिंतीपर्यंत पोचला आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन बाहेर आला. माझ्या परीक्षेत तबला खरंच उंच निघाला, पुडी माझ्यापेक्षा कडक. पहिल्या आवर्तनात बोटांना झोंबलं. पण ते झोंबणं ओळखीचं होतं, आणि लय हलली नाही. पास झाले, चांगल्या गुणांनी.

सध्या रेला चालू आहे, आणि दिवसाची वाटणी मी अशी केली आहे. उजव्या हाताचं बरंचसं काम बसमध्ये होतं. डग्गा मात्र मनात वाजत नाही, निदान मला तरी. मनगट पुडीवर किती दाबलं की 'गे' किती वर चढतो, कुठे सोडला की गोल घुमतो, हे त्या दिवशीच्या हवेवर, कातड्याच्या ओलेपणावर बदलतं, आणि त्याची कल्पना मला नेहमी खऱ्यापेक्षा सोपी येते. म्हणून घरचा अर्धा तास जवळजवळ पूर्ण डग्ग्याला. आधी उजव्या-डाव्याला सारखा वाटत होते. पावसात तर रोज पुडी ठोकून सुरात आणायची, 'गे' घासून बघायचा, आणि आज मनगटाला किती जोर लागतोय ते शोधायचं. सरांनी पुढच्या वर्गासाठी 'धिरधिर'चा एक रेला दिलाय. पहिल्या ओळीला पंजा अजून जड पडतो, तेवढी ओळ घरी घेते. बाकीच्या तीन उद्या सकाळच्या गाडीत.